सरूबाईचा प्रॉम्प्टर

बेडश्याच्या वस्तीत बुद्धविहारापुढं दर जयंतीला नाटक व्हायचं, आणि त्या नाटकात गोरख कधी कुणाला दिसला नाही. ऐकूही आला नाही, आणि तीच तर त्याची कमाल होती. बांबूला बांधलेल्या सतरंजीआड, म्हणजे आमच्या भाषेत विंगेत, तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायचा. मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी. समोर तोंडाला रंग फासलेला सावकार गरजायचा, मिशा उतरवून लुगडं नेसलेला एखादा गडी पदर डोळ्याला लावायचा, आणि त्या प्रत्येकाच्या तोंडातलं वाक्य आधी गोरखच्या ओठांवर येऊन तयार असायचं. नट अडला की तो पहिला शब्द सोडायचा. फक्त पहिला. पुढचं नटानं ओढून न्यायचं.

हे काम कुणालाही जमेल असं वाटतं. जमत नाही. नट गप्प झाला, तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं असतं. गोरखला ते श्वासावरून कळायचं. थांबलेल्या नटाची छाती भरलेली असते. विसरलेला नट रिकाम्या छातीनं उभा राहतो आणि त्याचे डोळे हळूच विंगेकडं सरकतात. थांबलेल्याला शब्द दिला की प्रवेश पडतो, विसरलेल्याला नाही दिला की माणूस पडतो. पंचवीसेक वर्षं गोरखनं हा हिशेब सांभाळला, आणि चुकला तो एकदाच.

धोंडिबा सावकार झाला होता त्या वर्षी. गरिबाची जमीन गिळून तो छाती काढून उभा, आणि तेवढ्यात पवना नदीकडून आलेल्या वाऱ्यानं वहीची पानं उलटली. गोरखनं समोर आलं ते कुजबुजून दिलं, "पाणी… घोटभर पाणी…" ते शेवटच्या प्रवेशातलं, मरतानाचं. धोंडिबानं क्षणभरही विचार केला नाही. तिथंच गुडघ्यावर आला, आडवा झाला आणि पाणी मागायला लागला. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "आरं, हा आत्ताच मेला! चला, जेवून येऊ!"

नंतर गोरखनं त्याला विचारलं, "आरं, कळलं न्हाई व्हय तुला, चुकीचं हाय म्हनून?"

"कळलं की," धोंडिबा रंग पुसत म्हणाला. "पन तू दिलंस ना? मग म्हनलं."

गोरख रेल्वेत होता, कामशेत स्टेशनावर पॉइंट्समन. तिथंही काम असंच, गाडी दुसऱ्यानं चालवायची, वाट यानं करून द्यायची. त्याची बायको सरूबाई मात्र सगळ्यांना दिसायची आणि सगळ्यांना ऐकू यायची. बेडश्याच्या लेण्यांच्या पायऱ्या जिथं सुरू होतात तिथं तिची टपरी होती. चहा, ताक, लिंबूपाणी, पावसाळ्यात कांदाभजी. वर चढून घामाघूम झालेली माणसं खाली उतरली की तिच्या बाकड्यावर कोसळायची. ती कुणालाही गप्प बसू द्यायची नाही. "काय रं, मुंबैची का पुण्याची? मुंबैची आसनार. पुण्याची पैलं भाव इचारत्यात." हसून हसून लोक दुसरा चहा घ्यायचे.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. मुलगा आकाश तळेगावला कंपनीत, सोमाट्ण्याला फ्लॅट. तो म्हणाला, "आई, बास आता. लय केलंस." गोरखही म्हणाला, "आराम कर." टपरीचे पत्रे उतरवले, बाकडं घराच्या ओट्यावर आणून ठेवलं. सरूबाई त्या बाकड्यावर बसायला लागली आणि बसतच राहिली.

पहिल्यांदा तिचं बोलणं गेलं. मग भाजीतलं मीठ गेलं. कधी नसायचंच, कधी दोनदा पडायचं. दूध उतू जायचं आणि ती शेजारी उभी असायची. नातीचं नाव घेताना ती आकाशचं घ्यायची. रात्री जाग आली की गोरखला ती छताकडं बघत पडलेली दिसायची. काय झालं विचारलं की एकच उत्तर, "काय न्हाई. बरं हाय."

गोरख धास्तावला होता, त्याला कारण होतं. सरूबाईची आई शिरगावला, धोंडाबाई. शेवटी शेवटी ती लेकीलाच विचारायची, तू कुणाची गं. घरातून निघून जायची, कुठंही सापडायची. सगळे राबणारे, लक्ष कुणी ठेवायचं? मग सरूबाईच्या भावानं लुगड्याच्या धडप्यानं तिचा पाय खाटेला बांधला. मायेनंच बांधला, घट्टही नव्हता. पण सरूबाईनं तो पाय पाहिला होता. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "माझं तसं करू नका."

"न्हाई करनार," गोरख म्हणाला होता. आता त्या शब्दाचं काय करायचं, ते त्याला समजत नव्हतं.

तेव्हाच पुण्याहून ती मंडळी आली. म्हातारपणी मेंदूचं काय होतं, माणूस कशानं विसरतो, कशानं खचतो, याचा अभ्यास करणारी एक संस्था. मावळातल्या काही गावांत साठीच्या पुढची माणसं निवडायची, दर वर्षी त्याच माणसांना तेच तऱ्हेचे प्रश्न विचारायचे, काहींच्या मेंदूचे फोटो काढायचे. विहारात टेबल मांडून बसलेली रेणुका नावाची बाई सगळ्यांना समजावून सांगत होती. "एकदा बघून काही कळत नाही, आबा. डोंगर उतरताना माणूस किती भरभर उतरतोय, हे दोनचारदा मागं वळून बघितल्यावरच कळतं ना, तसं."

सरूबाई एकटी आत जाईना. रेणुका म्हणाली, "खरं तर चालत नाही. पण बसा आबा तुम्ही, तिकडं भिंतीपाशी." गोरख भिंतीपाशी बसला. रेणुकाची त्याच्याकडं पाठ, सरूबाईचं तोंड समोर. आणि ती जागा, काय सांगावं, थेट विंगेची निघाली.

"आजी, पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारीन. विहीर, टोपी, सायकल, चिंच, कुलूप."

मग शंभरातून सात वजा करा, घड्याळ काढा, जनावरांची नावं सांगा. मग, "आता ते शब्द सांगा बरं, आजी."

"विहीर," सरूबाई म्हणाली. आणि थांबली. तिचे डोळे टेबलावरून उठले आणि भिंतीकडं सरकले.

गोरखचे ओठ आपोआप हलले. आवाज नाही, नुसता आकार. टोपी. तिनं म्हटलं, "टोपी." सायकल. "सायकल." शेवटपर्यंत त्यानं तिला हात धरून पैलतीरी नेलं. वार विचारला, वार दिला. महिना विचारला, महिना दिला. शेवटी रेणुकानं वेगळेच प्रश्न काढले. आयुष्य रिकामं वाटतं का? कशात मन लागत नाही असं होतं का? सरूबाईनं पुन्हा भिंतीकडं पाहिलं. गोरखनं मान हलवली आणि ओठांनी दिलं, बरं हाय.

"बरं हाय," सरूबाई म्हणाली.

"छान आजी," रेणुका म्हणाली. "अगदी तल्लख आहात."

बाहेर आल्यावर गोरखचा जीव भांड्यात पडला. आकाशला फोन करून त्यानं सांगितलं, "तुज्या आईला पैला नंबर दिला पुन्याच्या बाईनं." आकाशही खूश झाला. आईला कायमचं सोमाट्ण्याला न्यायचं तो म्हणत होता, ते बोलणं मागं पडलं. सरूबाई तेवढी घरी येऊन बाकड्यावर बसली.

त्या वर्षात गोरख थकला. नाटक दोनतीन तासांचं असतं, नंतर वही मिटता येते. इथं सकाळी चूल पेटल्यापासून वही उघडी. पाहुणा दारात आला की तिच्या मागं उभं राहून त्याचं नाव द्यायचं. दुकानात काय आणायचं ते द्यायचं. लग्नाकार्यात कोण कुणाची, कुणाला काय झालं, कोण वारलं. आकाशचा फोन आला की शेजारी बसून एकेक उत्तर द्यायचं. ती अडण्याआधीच तो द्यायला लागला होता. तिच्या छातीकडं, श्वासाकडं बघायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. बघायची भीती वाटायची. भावकीतली सून तेजल एकदा हसून म्हणाली, "आबा, आत्याबाईंना इचारलं तरी तुमीच बोलता." त्यानं हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी अंगण झाडता झाडता तो खराट्यावर रेलून नुसता उभा राहायचा. आपल्याला काय होतंय, हे त्याला कुणी विचारलं असतं, तर त्यानंही तेच सांगितलं असतं. बरं हाय.

वर्ष फिरलं, रेणुका पुन्हा आली. तेच टेबल, तीच भिंत. गोरख आपणहून जाऊन त्याच जागी बसला.

"पाच शब्द, आजी. चूल, छत्री, मडकं, पूल, कापूस."

मधले प्रश्न झाले. सरूबाईच्या तोंडून "चूल" आलं आणि ती थांबली. डोळे भिंतीवर आले.

गोरखनं द्यायला ओठ उघडले. आणि त्याच्या डोक्यात वारा सुटला. मघाशी ऐकलेलं काहीच हाताला लागेना. एक शब्द मात्र अगदी चकचकीत, समोर उभा. त्यानं तोच दिला.

"सायकल," सरूबाई म्हणाली.

रेणुकाचं पेन थांबलं. "काय म्हणालात, आजी?"

"सायकल."

"सायकल तर मागच्या वर्षी होती." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. मग सरूबाई कुठं पाहते आहे ते तिनं पाहिलं आणि खुर्चीवर अख्खी मागं वळली. गोरखचं तोंड पुढच्या शब्दासाठी उघडं होतं, ते तसंच राहिलं.

पंचवीस वर्षांत प्रेक्षकांना न दिसलेला प्रॉम्प्टर भर उजेडात सापडला होता.

"आबा," रेणुका म्हणाली, "मागच्या वर्षीही?"

त्यानं तोंड मिटलं. सरूबाईच म्हणाली, "लगीन झाल्यापसनं."

रेणुकाला हसू आलं आणि तिनं ते आवरलंही नाही. पण मग ती खुर्ची वळवून गोरखसमोर बसली. "मी रागावत नाही. तुम्हाला आत बसू दिलं, ती चूक माझी. पण आबा, मी हे मार्क द्यायला करत नाही. आजी अडखळतात, ते का, हे बघायला करते. कुणाचा मेंदू खरंच झिजतो. कुणाचं मन इतकं उतरलेलं असतं, की शब्द कानावर पडतो पण आत जातच नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, नुसता विसराळूपणा. आत मात्र वेगळं असतं, आणि दुसऱ्यावर औषध आहे. पुष्कळदा उतार पडतो. नेहमी नाही, पण पुष्कळदा. मागच्या वर्षीच कळलं असतं तर…" तिनं ते वाक्य पुरं केलं नाही.

गोरखला पुरं करता आलं असतं. या वेळी त्यानं शब्द दिला नाही.

"तुम्ही जरा बाहेर बसता?"

तो उठायला लागला तर सरूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्यांना. भाईर जीव लागायचा न्हाई त्यांचा. तोंड तेवढं भितीकडं करा."

आणि खरंच, सत्तरी उलटलेला तो गृहस्थ शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसला. समोर निळा डिस्टेंपर, त्यात एक पोपडा आलेला.

"आजी, आयुष्य रिकामं वाटतं का?"

मागं शांतता. गोरखच्या ओठांवर "बरं हाय" येऊन बसलं. त्यानं ते दाताखाली धरलं. शांतता लांबली. असली शांतता त्यानं आयुष्यात कधी चालू दिली नव्हती. आणि मग, कितीतरी महिन्यांनी, त्याला तिचा श्वास ऐकू आला. लांब, खोल, भरून घेतलेला.

ती विसरली नव्हती, थांबली होती.

"रिकामं म्हंजी," सरूबाई म्हणाली, "सकाळी उटलं की कळंना का उटले. टपरीवं हुते तवा दिस कसा जायाचा कळायचं न्हाई. 'मावशी, चा द्या. मावशी, हितनं वर किती येळ लागतो.' सारखं मावशी मावशी. आता कुनी हाक मारीत न्हाई. हे हायेत, पन हे माजंच बोलनं मला आयतं देत्यात. मी आपली म्हनते."

"आणि विसरता कशामुळं, वाटतं तुम्हाला?"

"ध्यानात कुनासाटी ठिवू, बाई? कुनाला सांगायचंय?" पुन्हा थांबली. मग आवाज खाली गेला. "पैलं वाटायचं न्हाई तसं. ह्यांनी त्या साली हितं व्हट हालवले, तवा मनात आलं, ह्यांना वाटतंय मी आयवर गेले. ह्यांना वाटतंय म्हंजी आसंल. कोन जानं, पाय बांधायला किती दिस ऱ्हायलेत."

भिंतीवरचा पोपडा गोरखला दिसेनासा झाला.

"मग तुम्ही आबांना तेव्हाच गप्प का नाही केलं?"

"त्यांनी दिलं," सरूबाई म्हणाली. "म्हनून म्हनलं."

तळेगावच्या दवाखान्यात रेणुकानंच नंबर लावून दिला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ वेळ बोलून, तपासण्या करून सांगितलं, की उदासीचा आजार आहे, मोठा आहे, आणि वयाची थोडी झीजही आहे; त्यातलं किती कशाचं, ते उदासी उतरल्यावरच कळेल. गोळ्या लागू पडायला वेळ घेतील. आकाशनं रजा काढून दोनदा नेलं, पुढं ती दोघंच टमटम आणि लोकलनं जायला लागली. जाता जाता आकाशनं बापाला विचारलं, "तुमी मला का न्हाई सांगितलं, आबा?" गोरख म्हणाला, "सांगितलं आसतं तर तू तिला घिऊन गेला आसता." आकाशनं नेलंच असतं.

गोष्ट इथं टाळी घेऊन पडदा पडावा अशी नाही. पहिल्या गोळ्यांनी सरूबाईला नुसती झोप यायची. बदलून दिलेल्यांनी मळमळायचं. तिनं मधेच सोडल्या, पुन्हा धरल्या. मग एका सकाळी भाजीत मीठ बरोबर पडलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलं नाही. तेजलनं पायऱ्यांशी टपरी घातली, तेच जुनं बाकडं ओट्यावरून उचलून नेलं. सरूबाई बरी असेल त्या दिवशी तिथं खुर्ची टाकून बसते, कांदा चिरून देते, मुंबईची कोण आणि पुण्याची कोण ते तेजलला ओळखून दाखवते. बरी नसेल त्या दिवशी भिंतीकडं कूस करून पडते, आणि गोरख उशाशी चहा ठेवून बाहेर बसतो. पहिला शब्द द्यायची सवय जाता जात नाही. ओठ हलायला लागले की तो तोंडावर हात ठेवतो. तीही त्याला सोडत नाही. "काडा हात. दाडदुकी झाल्यावानी बसलाय."

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यालाही विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?" तो "बरं" म्हणेपर्यंत सरूबाई मधेच म्हणाली, "त्यांना मी देऊ का उत्तर? झोपत न्हाईत ते. जेवन बी निम्मं झालंय." आता महिन्याला दवाखान्यात दोघांची नावं लागतात.

परवा रेणुका तिसऱ्या वर्षाचं टेबल मांडून बसली होती. गोरख विहाराच्या बाहेर पिंपळाच्या पारावर बसला, आपणहून. आतलं काही ऐकू येत नव्हतं. या वर्षी तिच्याआधी त्याचीही परीक्षा झाली होती, वेगळ्या शब्दांची. त्यात त्याला वार बरोबर आला, तारीख चुकली. सरूबाईला आत बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दोघं घराकडं चालायला लागली. तिच्या गुडघ्यांच्या चालीनं, म्हणजे अगदी सावकाश. लेण्यांच्या डोंगरावर ऊन कललं होतं.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"चार आले. पाचवा आला न्हाई." दहाएक पावलं गेल्यावर ती म्हणाली, "अवो, पाचवा काय हुता?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आपणहून मागितलं होतं, आणि त्याच्याकडं नव्हतं. "मला काय म्हाईत? मी भाईर हुतो."

"येळंला बरं नसतं तुमच्याकडं."

ती वाटेतच थांबली. डोळे बारीक करून समोर कुठंतरी बघत राहिली. गोरखही थांबला. तिची छाती भरलेली आहे का, ते त्यानं पाहिलं. या वेळी त्याला सांगता येईना. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न देत आला, तसा त्यानं तिला दंडाला धरून कडेला घेतलं. टेम्पो गेला. धूळ बसली. ती अजून आठवत होती. तो ओठ मिटून शेजारी उभा राहिला.